बँकॉकमध्ये अनोळखी गृहस्थाच्या सल्ल्यावरून घेतलेले नीलम: आता काय करता येईल?

निळाई:

नमस्कार. माझी थोरली बहीण आणि भावोजी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच परदेशी गेले होते, आणि तेही सहल कंपनीबरोबर न जाता, सगळी आखणी स्वतः करून. गेल्या आठवड्यात ते बँकॉकहून परतले. तिथे त्यांनी ६२,००० बातांचे, म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक किमतीचे नीलम विकत घेतले, आणि ही फसवणूक होती अशी आता आमची जवळजवळ खात्री झाली आहे. जाणकारांना नेमके मार्गदर्शन करता यावे म्हणून घडले तसे सविस्तर लिहिते.

ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या तटाच्या कडेने ते दोघे प्रवेशद्वाराकडे चालले असताना, इस्त्रीचा सदरा घातलेले आणि गळ्यात ओळखपत्र असलेले एक मध्यमवयीन गृहस्थ त्यांच्याशी बोलू लागले. आपण जवळच्या शाळेत शिक्षक आहोत असे त्यांनी सांगितले. भारतातून आलात का, कुठे उतरलात, परत कधी जाणार, अशी आस्थेने चौकशी केली. राजवाड्यात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, तुमचे कपडे अगदी योग्य आहेत, हेही त्यांनी आपणहून सांगितले, आणि ते खरे होते. मग म्हणाले, की आज बौद्ध सण असल्यामुळे दुपारी एकपर्यंत फक्त थाई भाविकांना प्रवेश आहे, तोवर जवळची दोन-तीन मंदिरे पाहून या. त्यांनी ताईच्या नकाशावर त्या मंदिरांची नावे थाई लिपीत लिहून दिली, एक टुकटुक थांबवून चालकाशी ४० बात भाडे ठरवून दिले, आणि ‘यापेक्षा जास्त देऊ नका, इथले चालक पर्यटकांना लुबाडतात’ असे बजावलेही. या शेवटच्या वाक्यामुळेच भावोजींचा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला.

पहिल्या मंदिरातली उंच उभी बुद्धमूर्ती पाहून ते दुसऱ्या, अगदी निवांत मंदिरात गेले. तिथे प्रार्थनेला बसलेले एक सुशिक्षित दिसणारे गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, की सरकारी निर्यात केंद्रात वर्षातून एकदाच नीलम करमुक्त दराने विकायला ठेवतात, आज त्याचा शेवटचा दिवस आहे, आणि ते स्वतः दरवर्षी इथून रत्ने नेऊन परदेशात दुप्पट भावाने विकतात. भावोजींना आमच्या ज्योतिषांनी साडेसातीसाठी नीलम धारण करायला सांगितलेले होते, त्यामुळे हा योगच जुळून आला असे त्यांना वाटले. दुकानात कोणी आग्रह केला नाही, थंड पेय दिले, दगड भिंगातून पाहू दिले. एक नीलम हातात दिला आणि उरलेले, ‘विमानतळावर अडचण नको’ म्हणून, टपालाने पाठवतो असे सांगून क्रेडिट कार्डावर पैसे घेतले. आमच्या नेहमीच्या सराफांनी तो दगड पाहून सांगितले, की नीलम खरा आहे, पण त्याची किंमत घेतलेल्या पैशांच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नाही.

टपाल अजून यायचे आहे. ते स्वीकारावे की परत पाठवावे, आणि पैसे परत मिळण्याचा काही मार्ग आहे का, हे मला विचारायचे आहे. आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. भावोजी अजूनही म्हणतात, की दुकानदाराने फसवले असेल, पण ते शिक्षक सज्जनच होते, त्यांचा केवळ गैरसमज झाला असावा. ताईला हे पटत नाही. यातले खरे काय मानावे?

मुशाफिर:

नोकरीनिमित्त माझे बँकॉकमध्ये बराच काळ वास्तव्य होते आणि आपण वर्णन केलेला प्रकार तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तो इतका जुना आहे, की राजवाड्याच्या बाहेर अनोळखी माणसांच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका असे फलक लावलेले असतात आणि राजवाडा उघडा आहे हे ध्वनिक्षेपकावरूनही सांगितले जाते. राजघराण्याचे काही समारंभ वगळता ग्रँड पॅलेस रोज सकाळी साडेआठपासून उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकिटे मिळतात. परदेशी पर्यटकांसाठी तिकीट ५०० बातांचे आहे. सकाळी फक्त थाई भाविकांना प्रवेश, अशी कोणतीही प्रथा नाही.

त्यामुळे भावोजींना, त्यांचा मान राखूनच, हे सांगायला हवे, की ते शिक्षक या साखळीचा पहिला दुवा होते. गैरसमजातून एखादा माणूस राजवाडा बंद आहे असे सांगेल, हे मी मान्य करतो. पण गैरसमज झालेला माणूस तुमच्या परतीची तारीख विचारत नाही. ती विचारली जाते, कारण दुसऱ्या दिवशी देश सोडणाऱ्या पाहुण्याला तक्रार करायला वेळ नसतो, आणि चार दिवस राहणारा पाहुणा शहरातल्या दुसऱ्या दुकानात दगड दाखवून येऊ शकतो. शिवाय चाळीस बातांत दोन-तीन तास फिरवणे कोणत्याही चालकाला परवडत नाही. त्याचे खरे उत्पन्न दुकानाकडून मिळणाऱ्या इंधनाच्या कूपनांतून आणि विक्रीवरच्या दलालीतून येते. उभी बुद्धमूर्ती बहुधा वाट इन्थरविहान या मंदिरातली असावी. ती बत्तीस मीटर उंच आहे आणि खरोखर पाहण्यासारखी आहे. हा खेळ यशस्वी होतो, कारण त्यात दाखवलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या असतात. कपड्यांचा नियम खरा, मंदिर खरे, भाडे सांगितले तेवढेच, आणि दगडही खरा.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मंदिरात बसलेला दुसरा माणूस. पहिल्याने रत्नांचा शब्दही काढलेला नसतो. चालकही काही बोलत नाही. मग तिसऱ्याच ठिकाणी, ज्याचा या दोघांशी काही संबंध दिसत नाही असा माणूस, न विचारता ती माहिती देतो. आपण स्वतःहून खातरजमा केली, असे प्रवाशाला मनापासून वाटते. पण त्या मंदिरात आपण गेलो ते कोणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न त्या क्षणी सुचत नाही. ज्याने आपल्याला पाठवले त्याच्याच मुक्कामी भेटलेला माणूस हा वेगळा साक्षीदार नसतो, एवढे जरी भावोजींच्या लक्षात आले, तरी पुढचे त्यांना आपोआप उलगडेल. पहिल्याने स्वतःच लुबाडणाऱ्यांपासून सावध केले, हाही ठरलेला भाग आहे. सावध करणारा माणूस आपल्या बाजूचा आहे असे आपण गृहीत धरतो.

थायलंडचे सरकार रत्नांचे कोणतेही दुकान चालवत नाही आणि अशी वार्षिक करमुक्त विक्रीही भरवत नाही. ते दोघे अजून बँकॉकमध्ये असते, तर मी त्यांना पर्यटक पोलिसांच्या ११५५ या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करायला सांगितले असते. तिथे चोवीस तास इंग्रजी बोलणारे लोक असतात आणि पोलीस सोबत आले, की दुकाने पुष्कळदा बरीचशी रक्कम परत करतात. आता भारतातून लेखी तक्रार करावी लागेल. पर्यटक पोलिसांबरोबरच थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणालाही लिहा, त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. पावती, दुकानाचे छायाचित्र, तो नकाशा आणि त्यावरचे थाई अक्षर, हे सर्व जपून ठेवा.

पैलू:

रत्नांच्या व्यवसायात असल्यामुळे दगडापुरते लिहितो. आपल्या सराफांनी सांगितले ते बरोबरच असणार. दगड खोटा निघाला असता तर तक्रार करणे सोपे गेले असते. इथे दगड खरा आहे, म्हणून दुकानदार सहज म्हणेल, की आम्ही नीलम म्हणून नीलमच विकला, आणि किंमत हा दोघांच्या राजीखुशीचा मामला आहे. त्याने दिलेले प्रमाणपत्र पाहा. त्यावर बहुधा ‘नैसर्गिक नीलम’ आणि वजन एवढेच असेल. नामांकित प्रयोगशाळा दगडाची ओळख आणि त्यावर झालेली प्रक्रिया सांगतात, किंमत सांगत नाहीत, आणि ग्राहक मात्र प्रमाणपत्र पाहून किंमतही प्रमाणित झाली असे समजतो.

नीलम हे कुरुंद जातीचे खनिज आहे आणि त्याचा निळा रंग लोह व टायटॅनियमच्या अंशांमुळे येतो. थायलंडमधील चांथाबुरी हे या दगडांना भट्टीत तापवून रंग खुलवण्याचे जगातले एक मोठे केंद्र आहे. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाने ओळखले जाणारे दुधट, जवळजवळ टाकाऊ समजले जाणारे दगड १९७०च्या दशकापासून तिथे नेऊन तापवले जाऊ लागले आणि त्यातून सुरेख निळे नीलम निघाले. तापवणे ही फसवणूक नव्हे, व्यापारात ते मान्य आहे, पण ते सांगितले गेले पाहिजे, कारण न तापवलेल्या चांगल्या दगडाचा भाव फार वर असतो. याहून वाईट म्हणजे भेगांत काच भरलेले दगड. त्यांना मोल जवळजवळ नसते. म्हणून हातातला दगड मुंबईच्या जेम्मॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तापवल्याची किंवा काच भरल्याची माहिती पावतीत दडवलेली आढळली, तर आपल्या तक्रारीला ठोस आधार मिळेल. तो दगड अंगठीत बसवू नका, घासून स्वच्छही करू नका, मिळाला त्याच अवस्थेत ठेवा.

परदेशात दुप्पट भावाने विकण्याविषयी एवढेच सांगतो, की बँकॉकमध्ये जगभरचे खरेदीदार कायम येत असतात. जयपूर आणि मुंबईचे व्यापारी तिथे आणि चांथाबुरीच्या आठवडी बाजारात टेबलावर दगड मांडून तासन्‌तास घासाघीस करतात. एका दिवसात दुप्पट होणारा माल त्यांच्या हातून सुटून एखाद्या प्रवाशाच्या वाट्याला यावा, हे या धंद्यात घडत नाही. आमच्याकडे एक प्रथा मात्र चांगली होती. साडेसातीचा नीलम काही दिवस जवळ ठेवून, लाभतो की नाही ते पाहून, मगच घेत असत, आणि ओळखीचा सराफ तो तसा देतही असे. भावोजींना पुन्हा नीलम घ्यायचाच असेल, तर तो अशाच ठिकाणी घ्यावा.

जमाखर्च:

बँकेच्या कार्ड विभागात काम केलेले असल्याने पैशांच्या बाजूविषयी लिहिते. प्रथम एक समज दूर करते. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास, आणि त्यात ग्राहकाची चूक नसल्यास, ग्राहकावर भार पडत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आपण ऐकला असेल. तो इथे लागू होत नाही, कारण हा व्यवहार भावोजींनी स्वतः, आपल्या हाताने मंजूर केला आहे. त्यामुळे ‘माझे कार्ड कोणीतरी वापरले’ असे बँकेला चुकूनही लिहू नये. ते असत्य ठरेल आणि खरी बाजूही त्याने कमकुवत होईल.

आपल्यापुढचा मार्ग चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावर दिलेली रक्कम बँकेमार्फत दुकानाकडून परत मागवण्याचा आहे, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी मांडता येतील. टपालाने पाठवायचे दगड आलेच नाहीत, तर माल न मिळाल्याची तक्रार. ते आले आणि सांगितल्याप्रमाणे नसले, तर वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाची तक्रार. दुसऱ्या प्रकारात, माल परत करण्याचा प्रयत्न आपण केला होता हे दाखवावे लागते. म्हणून आजच दुकानाला ईमेल करा. त्यात सरकारी केंद्र आणि करमुक्त विक्री असल्याचे सांगून माल विकला गेला, ही माहिती खोटी असल्याचे समजले आहे, सर्व दगड परत घेऊन पूर्ण रक्कम कार्डावर जमा करावी, असे मोजक्या शब्दांत लिहा. रागाचे शब्द नकोत. उत्तर आले नाही तरी तो ईमेल हाच पुरावा होतो. कार्ड कंपन्यांची मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते, पण बँका स्वतःची मुदत कमी ठेवतात, म्हणून बँकेकडे लेखी तक्रार याच आठवड्यात नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत बँकेने समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पाकिटाबद्दल माझे मत असे आहे, की ते स्वीकारावे. नाकारलेले पाकीट वाटेत हरवले, तर कोण जबाबदार, यावर वाद होतो. ते उघडताना अखंड चित्रीकरण करा आणि सीमाशुल्काची पावती आली तर जपून ठेवा. पैसे परत मिळतीलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही. खरा दगड चढ्या भावाने विकला, एवढ्यावरच चार्जबॅक मिळणे कठीण असते. खोटे वर्णन कागदावर सिद्ध झाले, तर पारडे बदलते, आणि म्हणून ‘पैलू’ यांनी सुचवलेली तपासणी फार महत्त्वाची आहे.

पाऊलवाट:

वरील सर्वांनी उपाय नीट सांगितले आहेत. मला भावोजींच्या प्रश्नावर थोडे लिहावेसे वाटते, कारण अशा प्रसंगांनंतर प्रवासात कोणाशी बोलूच नये, असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो आणि तो मला मान्य नाही. मी एकटी प्रवास करते आणि अनोळखी लोकांच्या मदतीवाचून ते मला शक्यच झाले नसते. थायलंडमधल्याच चियांग माई शहरात रात्री उतरल्यावर माझा पत्ता चुकला, तेव्हा औषधांच्या दुकानातल्या बाईंनी आपले गिऱ्हाईक थांबवून माझ्या मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी केला होता. पण त्या दुकानात मी शिरले होते, त्या बाई मला शोधत आल्या नव्हत्या. मदतीसाठी आपण निवडलेला माणूस सज्जन असण्याची शक्यता फार मोठी असते, कारण बहुतेक माणसे सज्जन असतात. पर्यटकांनी गजबजलेल्या जागी जो आपल्याला निवडतो, तो मात्र कशासाठी तरी तिथे उभा असतो. म्हणून अशा माणसाशी गोड बोलावे, आभार मानावेत, आणि दारापर्यंत स्वतः चालत जाऊन ते बंद आहे का ते पाहावे.

हे थाई लोकांचे वैशिष्ट्य आहे, असेही कोणी समजू नये. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पहिल्या मजल्यावर परदेशी प्रवाशांसाठी आरक्षण कार्यालय आहे. ते बंद झाले, हलवले, जळाले, असे सांगून परदेशी पाहुण्यांना कनॉट प्लेसच्या खाजगी एजंटांकडे नेण्याचा उद्योग वर्षानुवर्षे चालत आला आहे. आपल्या मुंबईत कुलाब्याला, कडेवर मूल घेतलेली बाई पैसे नको, बाळासाठी दुधाची पावडर घेऊन द्या म्हणते, आणि पाहुणा वळला, की तो डबा पुन्हा त्याच दुकानात जातो. त्या पाहुण्यांना आपण मूर्ख म्हणत नाही, आपल्याला त्यांच्याबद्दल वाईट वाटते आणि आपल्या शहराची लाज वाटते. भावोजींकडेही घरातल्यांनी याच नजरेने पाहावे. वडीलधारी माणसे अशा वेळी लाजेपोटी गप्प बसतात, तक्रारीची मुदत निघून जाते, आणि या टोळ्यांचा मोठा आधार तीच लाज असते. त्यांनी आपणहून सारे तपशील सांगितले, याबद्दल त्यांचे कौतुक करा.

निळाई:

सर्वांची मनापासून आभारी आहे. हे प्रतिसाद मी ताई आणि भावोजींना वाचून दाखवले. मंदिरात भेटलेला माणूस वेगळा साक्षीदार नव्हता, हे ऐकल्यावर भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनीच नकाशा काढून दिला. बँकेकडे तक्रार नोंदवली आहे आणि पर्यटन प्राधिकरणाला पत्र तयार होत आहे. दुकानाला ईमेल केल्यावर मात्र काही तासांतच उत्तर आले. ते लिहितात, की पैसे परत देण्याची पद्धत नाही, पण दगड परत पाठवल्यास त्याऐवजी अधिक मोठे दगड पाठवू, फक्त थोडी वाढीव रक्कम भरावी लागेल. भावोजींना हा सौदा विचारात घेण्यासारखा वाटतो. काय करावे?

जमाखर्च:

हा प्रस्ताव मुळीच स्वीकारू नये. बदली माल घेतला, तर दुकानाने तोडगा दिला आणि ग्राहकाने तो मान्य केला, असे बँकेला दिसेल आणि चार्जबॅकचा मार्ग तिथेच बंद होईल. वाढीव रक्कम हा वेगळा व्यवहार धरला जाईल. बँकेच्या किंवा पोलिसांच्या लेखी सूचनेशिवाय हातातला दगडही कोणत्याही पत्त्यावर पाठवू नका, कारण तो गेला की आपल्याकडे तपासण्यासारखे काही उरणार नाही. ‘बदली माल नको, पूर्ण रक्कम परत हवी’ असे एका ओळीत उत्तर द्या आणि त्यांचा तो ईमेल, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने छापून, बँकेच्या तक्रारीला जोडा. पैसे परत देत नाही, हे त्यांनी स्वतः लिहून दिले आहे, आणि आपल्याला तेवढेच हवे होते.